मामूंचा पामटॉप

मामूंनी दुबईहून आणलेला एचपी 200 एलएक्स पामटॉप परवा पेटीत सापडला. 1994 चं मॉडेल. आत डॉस, वर दोन पेन्सिल सेल. नवे सेल घालून बिद्रीच्या शाळेत नेला. मुलांना वाटलं, प्रोग्राम कार्डातच चालतो. नाही. फ्लॅश कार्ड म्हणजे ए ड्राइव्ह. प्रोग्राम तिथून आधी आतल्या मेमरीत घ्यावा लागे, तीही डॉससाठी जास्तीत जास्त 640 केबी. पीठ डब्यातून परातीत घेतल्याशिवाय रोटी होते का?

मामूंनी उधारीचा हिशेब मात्र आतल्या सी ड्राइव्हमध्ये ठेवला होता. ती जागाही सेलवरच जगणारी. मोठे सेल संपले, आधाराचा बटण सेलही संपला, हिशेब पुसला गेला. कार्डावर अम्मींच्या औषधांची यादी अजून शाबूत आहे.