मासळी, वाइन आणि यजमान डॉक्टर

हैदराबादेत मित्रमंडळींच्या मेजवानीत तळलेल्या कोळंबीसोबत नाशिकची वाइन मांडण्यास आमचा विरोध नाही. मासळीला पांढरी, आंबटसर वाइन शोभते. तांबड्या वाइनमधील लोहामुळे मासळीची चव उग्र होऊ शकते. मात्र मासळीच्या वासाला कारणीभूत असलेल्या अमाइनांना निष्प्रभ करते ते आम्ल, आणि ते लिंबात व आमसुलातही असते. म्हणून सोलकढीचा पेलाही तितक्याच मानाने मांडावा. ‘वाइन हृदयाला चांगली’ अशी शिफारस तर डॉक्टरांनी करूच नये. मद्यपानाचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. डॉक्टरांच्या घरचा आग्रह पाहुण्यांना वैद्यकीय सल्ल्यासारखा वाटतो, याचे भान आपण ठेवावे.