शुद्धतेचा टेंभा

परवा इंदिरानगरातील एका स्नेह्यांकडे तंजावरी मराठी कुटुंबातील एक वृद्ध गृहस्थ आले होते. त्यांच्या बोलण्यातील तमिळ हेल ऐकून आम्ही सरकारी नोकर मंडळी (मीही त्यांत होतोच) मिशीतल्या मिशीत हसलो. 'ही कसली मराठी!' असा शेराही त्यांच्या पाठीमागे कोणी मारला. शेरा मारणाऱ्याचे चिरंजीव त्याच वेळी आईशी इंग्रजीत हुज्जत घालीत होते!

शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाली ती १६३८ च्या स्वारीनंतर. त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे येथूनच तंजावरास गेले. १८५५ साली ते राज्य बुडाले. दरबार गेला, मोडी गेली, महाराष्ट्र तर केव्हाच सुटला होता. उरली ती माजघरातील मराठी, आणि ती दीडशेहून अधिक वर्षे नांदली. आपले काय? दोन बदल्या होतात न होतात तोच आपल्या घरची मराठी गणपतीच्या आरतीपुरती उरते.

उत्तर अमेरिकेतील ओजिब्वे लोकांची भूमी गेली, मुले निवासी शाळांत डांबली गेली, स्वभाषा बोलल्याबद्दल त्यांना शिक्षा झाल्या. त्यांची नातवंडे आज ती भाषा पुन्हा शिकत आहेत. आपल्या मुलांच्या तोंडावर कोणी हात ठेवला होता? शाळेला दोष देणे सोयीचे खरे; पण शाळा सायंकाळी सुटते.

निघताना त्या वृद्धांनी माझ्या मुलीला जवळ घेऊन विचारले, "बाळ, नाव काय तुझे?" तिने माझ्याकडे पाहिले. उत्तर मी दिले.