सही करायच्या आधी कपाट सरकवा!

इसार दिला, कर्ज मंजूर झालं, उद्या खरेदीखत. आणि आज कपाट सरकवलं तर मागची भिंत ओली, पोपडे सुटलेले. मालक म्हणतो, "रंग मारला की झालं!" आपणही भिडेखातर गप्प बसतो. चुकतं ते इथंच.

मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५ वाचा. करारात वेगळं ठरलं नसेल, तर सहज न दिसणारा मोठा दोष माहीत असताना विकणाऱ्यानं सांगायलाच हवा. ताबा देईपर्यंत घर सांभाळणंही त्याचंच काम.

म्हणून मंडळी, तारीख पुढे ढकला. फोटो काढा, गवंड्याकडून खर्च लिहून घ्या. तेवढी किंमत कमी करा, नाहीतर दुरुस्तीनंतरच सही. मुहूर्त पुन्हा मिळतो, आयुष्याची पुंजी नाही. भीड भिकेची बहीण!