अवकाशातील तोटा कोणाच्या खात्यावर?

अग्निबाण सरकारने बांधावेत की खासगी कंपन्यांनी, या प्रश्नावर अलीकडे दोन तट पडले आहेत. एका तटाला अमेरिकेतील स्पेसएक्स कंपनीच्या यशात सरकारी कारभाराच्या दिवाळखोरीचा पुरावा दिसतो, तर दुसऱ्याला त्याच यशात सार्वजनिक मालमत्तेची लूट दिसते. १९६९ साली माणसाला चंद्रावर नेणारे यान सरकारने बांधले, हे मात्र दोन्ही तटांनी गृहीत धरलेले आहे. वस्तुतः सॅटर्न-५ या अग्निबाणाचा पहिला टप्पा बोइंगने, दुसरा नॉर्थ अमेरिकनने आणि तिसरा डग्लसने तयार केला होता. चंद्रावर उतरलेले यान ग्रुमनच्या कारखान्यातून बाहेर पडले होते. नासाने आराखडा ठरविला, देखरेख केली आणि बिले चुकती केली.

पुढे बदलला तो ठेक्याचा प्रकार. घर बांधणाऱ्या कोणाही मध्यमवर्गीयाला हा फरक ठाऊक असतो. गवंडी रोजाने लावला, तर भिंत जितकी रेंगाळेल तितकी त्याची मिळकत वाढते. काम उक्ते दिले, तर रेंगाळण्याचा भुर्दंड त्याच्याच अंगावर पडतो. अपोलोच्या काळात नासाने मोठी कामे ‘खर्च अधिक नफा’ या तत्त्वावर दिली, आणि तेव्हा ते योग्यच होते. जे यंत्र पूर्वी कोणी बांधलेलेच नाही, त्याची किंमत आधी कोण सांगणार? परंतु निकडीपोटी केलेली सोय पुढे वहिवाट बनली. अमेरिकी काँग्रेसने २०१० साली मंजूर केलेला एसएलएस हा अग्निबाण २०१६ अखेर सज्ज व्हावयाचा होता. तो प्रथम उडाला नोव्हेंबर २०२२ मध्ये. त्याच्या पहिल्या चार उड्डाणांना, ओरायन यान व तळावरील यंत्रणा धरून, प्रत्येकी सुमारे ४१० कोटी डॉलर खर्च येईल, असे नासाच्याच महानिरीक्षकांनी त्या वर्षी सांगितले. हे काम करणाऱ्या कंपन्याही खासगीच आहेत, याचा विसर पडता कामा नये.

उक्त्या कामाचा प्रयोग २००६ मध्ये सुरू झाला. अवकाश स्थानकावर सामान पोहोचविण्याचे काम नासाने ठराविक रकमेवर द्यावयाचे ठरविले. स्पेसएक्सचे पहिले तीन अग्निबाण २००६ ते २००८ या काळात फसले. चौथा सप्टेंबर २००८ मध्ये कक्षेत गेला, तेव्हा कंपनीची पुंजी जवळजवळ संपलेली होती. त्याच वर्षाच्या डिसेंबरात नासाने तिला १२ फेऱ्यांसाठी १६० कोटी डॉलरचा ठेका दिला. फाल्कन-९ च्या विकासाला जुन्या पद्धतीने किती खर्च आला असता, याचा हिशेब नासाने २०११ मध्ये मांडला. तो सुमारे ४०० कोटी डॉलर निघाला. कंपनीचा प्रत्यक्ष खर्च ३० कोटींच्या आसपास होता. सरकारी बाजूच्या समर्थकांनी हा आकडा टाळून चालणार नाही.

तथापि खासगीकरणाच्या भाटांनीही पुढचा हिशेब टाळू नये. अंतराळवीरांची ने-आण करण्यासाठी २०१४ मध्ये नासाने दोन ठेके दिले: बोइंगला ४२० कोटी डॉलरचा आणि स्पेसएक्सला २६० कोटींचा. स्पेसएक्सने मे २०२० मध्ये माणसे नेली. बोइंगचे स्टारलायनर जून २०२४ मध्ये सुनीता विल्यम्स व बुच विल्मोर यांना घेऊन गेले आणि सप्टेंबरात रिकामेच परतले. ते दोघे मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या यानातून उतरले. दोन्ही कंपन्या खासगी, दोन्ही ठेके उक्ते, फळ मात्र भिन्न. करदात्याच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, स्टारलायनरपायी झालेला २०० कोटी डॉलरहून अधिक तोटा बोइंगच्या ताळेबंदात गेला, आणि दुसरा ठेकेदार हाताशी असल्याने माणसे परत आली.

दुसरा नसता तर? जून २०२५ मध्ये स्पेसएक्सचे मालक इलॉन मस्क यांनी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्याशी झालेल्या भांडणात ड्रॅगन यान सेवेतून काढून घेण्याची जाहीर धमकी दिली. काही तासांत ती मागे घेतली गेली, हे खरे. पण त्या दिवशी अमेरिकेपाशी स्थानकावर माणसे नेणारे दुसरे कार्यरत यान नव्हते. सरकारी मक्तेदारी मोडून तिच्या जागी एका माणसाच्या रागलोभाची मक्तेदारी आणणे, याला स्पर्धा कसे म्हणावे? शिवाय ड्रॅगनच्या उष्णतारोधक कवचाचे मूळ संशोधन नासाच्या एम्स केंद्रातले, आणि अपोलो-११ ज्या तळावरून उडाले तोच तळ कंपनीने २०१४ मध्ये भाड्याने घेतलेला.

बाजाराला काही कामे परवडतच नाहीत, हेही आहेच. १९७७ साली निघालेल्या व्हॉयेजर यानांचे गिऱ्हाईक कोण होणार होते?

भारतात हा प्रश्न आता दाराशी आला आहे. इस्रोचे अग्निबाणही कधी एकट्या इस्रोने बांधले नाहीत. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगरला मोटारींची आवरणे तयार होतात, विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिने. पण उड्डाण फसले तर तोटा सरकारचा, हीच रीत राहिली. १९७९ मध्ये एसएलव्ही-३ समुद्रात कोसळले आणि १९८० मध्ये ते यशस्वी झाले. मधल्या वर्षाचा भार सोसणारा सावकार सरकारखेरीज दुसरा कोणी त्या काळी मिळाला नसता. २०२० मध्ये इन-स्पेस ही संस्था स्थापन झाली, नोव्हेंबर २०२२ मध्ये स्कायरूटचा विक्रम-एस उडाला, २०२३ मध्ये अवकाश धोरण आले. पाच पीएसएलव्ही बांधण्याचे ८६० कोटी रुपयांचे काम २०२२ मध्ये हिंदुस्थान एरॉनॉटिक्स व लार्सन अँड टुब्रो यांच्या गटाला मिळाले. त्यातील एक भागीदार सरकारीच आहे, हा योगायोगही बोलका आहे.

तीस वर्षे उडत असलेल्या पीएसएलव्हीची किंमत आता अज्ञात नाही; असे काम उक्तेच द्यावे, आणि एकाऐवजी दोघांना द्यावे. जे अद्याप कोणी केलेले नाही, ते इस्रोने आपल्या अभियंत्यांकडून करून घ्यावे. नाहीतर ठेकेदाराचे बिल वाचता येणारा माणूसच सरकारात उरणार नाही. आणि उड्डाण फसल्यास भरपाई कोणी, किती द्यावयाची, ते कलम प्रत्येक करार होताच संसदेच्या लोकलेखा समितीपुढे ठेवावे.