यजमानांचा गोल्फ आणि रविवारचे चार तास



या खेपेच्या पत्रांच्या गठ्ठ्यात एक वेगळंच पत्र निघालं. लिहिणाऱ्या बाई मूळच्या आमच्या सोलापूरच्या, लग्नानंतर पुण्यात. यजमानांना कचेरीतल्या वरिष्ठांनी गोल्फची गोडी लावली. "रविवारी पहाटे साडेपाचला बॅग घेऊन जातात, ते बारा वाजता उन्हाने लाल होऊन येतात. आल्यावर टीव्हीवर पुन्हा तेच. आता मे महिन्याची सहलसुद्धा गोल्फचं मैदान असेल तिथेच काढायची म्हणतात. माझं वय एकोणचाळीस. मी रुसू की शिकू?"

रुसण्याचा हक्क तुमचा आहेच, तो कोणी काढून घेत नाही. पण शिकायला एकोणचाळीस हे वय मुळीच उशिराचं नाही, आणि हे मी ऐकीव सांगत नाही. माझे धाकटे दीर फौजेत. बत्तिसाव्या वर्षी त्यांच्याकडे राहायला गेले असताना छावणीच्या मैदानावर त्यांनी माझ्या हातात गोल्फची काठी दिली. "वहिनी, चेंडूकडे बघा, माझ्याकडे नको," हा माझा पहिला धडा. तेव्हापासून उन्हाळ्याच्या सुट्टीत पंधरा दिवस, आणि मधे पुण्याला जाणं झालं तर एखादी सकाळ, एवढाच माझा खेळ. शाळेत शिक्षकांच्या खोलीत हा विषय निघाला की सगळ्या हसतात. साहेबांचा खेळ ना!

खरं म्हणजे लहानपणी गोट्या खेळलेल्या कोणालाही हा खेळ समजेल. लांबून मारत मारत गोटी गलीत घालायची, तेच इथे. फक्त गल तीनचारशे मीटरवर असते, तिचं तोंड सव्वाचार इंच, म्हणजे आपल्या आमटीच्या वाटीएवढं, आणि अशा गली अठरा. प्रत्येक गलीसाठी तीन, चार किंवा पाच फटके ठरवून दिलेले असतात, त्याला पार म्हणतात. अठरा गलींची बेरीज साधारण बहात्तर. चांगला खेळणारा तेवढ्यात किंवा त्याहून कमी फटक्यांत संपवतो. मला शंभराच्या वर लागतात.

मग चांगल्या खेळणाऱ्याबरोबर आपण खेळायचं तरी कसं? तर गोल्फमध्ये हँडिकॅप म्हणून एक फार शहाणी सोय आहे. आपल्या आधीच्या खेळावरून आपल्याला किती फटक्यांची सूट द्यायची ते ठरतं आणि शेवटी तेवढे फटके वजा करतात. माझी धाकटी जाऊ माझ्यापेक्षा कितीतरी सरस. पण सूट धरली की आमचा सामना अगदी चुरशीचा होतो, कधी कधी मी जिंकतेसुद्धा. एकीने पुष्कळ वर्षं खेळलेलं आणि दुसरी नवखी, तरी दोघी बरोबरीने खेळतात, असा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. शिवाय बायकांसाठी सुरुवातीची जागा सहसा थोडी पुढे असते. आपल्या साध्या खेळात पंचही नसतो. झुडपात चेंडू हलला तर आपला आपणच दंड धरायचा.

तेव्हा प्रश्न वयाचा नाही आणि ताकदीचाही नाही. प्रश्न वेळेचा आहे, बाई. अठरा गली म्हणजे चार तास आणि सहासात किलोमीटर चाल. आपल्या घरात सलग चार तास कोणाकडे असतात? यजमानांकडे असतात, कारण रविवारी सकाळी दूध तापवणं, पाणी भरणं आणि पाहुण्यांचा चहा दुसरं कोणीतरी बघत असतं. म्हणून पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझं सांगणं असं की गोल्फ मागायच्या आधी चार तास मागा. महिन्यातले दोन रविवार त्यांचे, दोन तुमचे. तुमच्या रविवारी स्वयंपाकघर त्यांच्याकडे. पिठलंभात केला तरी चालेल, पण विचारायला फोन करायचा नाही.

हे आईपण आणि गोल्फ एकत्र आलेलं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं आहे. 7 ऑगस्ट 2021, शनिवार. त्या संध्याकाळी नीरज चोप्राने भालाफेकीत सुवर्णपदक घेतलं, त्यामुळे सकाळची गोष्ट झाकली गेली. टोकियो ऑलिंपिकमध्ये बंगळुरूची अदिती अशोक महिला गोल्फच्या शेवटच्या फेरीत पदकासाठी झुंजत होती. घरोघरी लोक बर्डी म्हणजे काय ते विचारत होते (पारपेक्षा एक फटका कमी). चार दिवसांत तिचे फटके झाले 269, आणि कांस्यपदक मिळालेल्या न्यूझीलंडच्या लिडिया कोचे 268. एका फटक्याने पदक हुकलं. त्या चारही दिवस तिची बॅग खांद्यावर घेऊन उन्हातून चालत होती ती तिची आई, माहेश्वरी. पाच वर्षांपूर्वी रिओला अठरा वर्षांची अदिती खेळली तेव्हा बॅग वडिलांनी उचलली होती. घरात आधी कोणी गोल्फ खेळणारं नव्हतं. न्याहारीला जात त्या ठिकाणाहून गोल्फचं मैदान दिसायचं, तिथून पाच वर्षांच्या मुलीला हा नाद लागला. 2016 मध्येच तिने महिलांची इंडियन ओपन जिंकली. ती जिंकणारी ती पहिली भारतीय.

दुसरी मुलगी दीक्षा डागर. तिला जन्मापासून ऐकू येत नाही, डावखुरी आहे, वडील फौजेतले आणि तेच गुरू. 2019 मध्ये तिने दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकली. ती टोकियोलाही खेळली आणि 2024 मध्ये पॅरिसलाही.

आता यजमान टीव्ही लावून बसतील तेव्हा शेजारी बसून एवढं लक्षात ठेवा. मोठ्या स्पर्धा बहुधा गुरुवार ते रविवार चालतात. दोन दिवसांनंतर मागे पडलेल्यांना वगळतात, त्याला कट म्हणतात. वगळलेल्यांना बहुतेक स्पर्धांत एक पैसाही मिळत नाही. विमानभाडं, राहणं, बॅग उचलणाऱ्याचा पगार, सगळं खेळाडूच्या खिशातून. झगमगाट दिसतो तो वरच्या थोड्यांचा. बाकीच्यांचा हिशेब आपल्या महिनाअखेरच्या हिशेबासारखाच असतो! हे कळल्यापासून मी पहिल्या क्रमांकापेक्षा शुक्रवारी कटच्या रेषेवर लटकलेल्यांचा खेळच जास्त बघते.

बायकांना या खेळाने दारात फार काळ उभं केलं, हेही सांगायला हवं. अमेरिकेतल्या ऑगस्टा क्लबने पहिल्या दोन महिला सभासद घेतल्या 2012 मध्ये. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजचा क्लब 1754 चा, त्याने दार उघडलं 2014 मध्ये. म्युरफील्डने तर 2017 पर्यंत थांबवलं, आणि 2022 मध्ये त्याच मैदानावर महिलांची ब्रिटिश ओपन झाली. यजमान क्लबच्या परंपरेचं कौतुक करू लागले की हे आकडे जवळ असू द्यावेत.

सहलीचं म्हणाल तर मी यजमानांच्या बाजूची आहे. गोल्फची मैदानं बहुतेक सुंदर जागीच असतात. सिमल्याजवळ नालदेहरा आहे. लॉर्ड कर्झनला ती जागा इतकी आवडली की 1904 मध्ये जन्मलेल्या मुलीच्या नावात त्याने नालदेरा घातलं. काश्मीरचं गुलमर्ग आहे. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता क्लब 1829 चा, ब्रिटनबाहेरचा सर्वांत जुना. जवळचं हवं तर पुण्यात येरवडा, मुंबईत चेंबूर. नाशिकला मात्र 'गोल्फ क्लब मैदान' ऐकून बॅग नेऊ नका. त्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर लोक फिरायला जातात आणि क्रिकेटचे सामने होतात. बेळगावच्या गोल्फ मैदानात तर ऑगस्ट 2022 मध्ये बिबट्या शिरला. भोवतालच्या शाळांना कित्येक दिवस सुट्टी, शोधायला हत्ती आणले, तरी पठ्ठ्या सापडला नाही. बुडालेला अभ्यास भरून काढताना तिथल्या बाईंचं काय झालं असेल ते मी जाणते.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी फोनवर विचाराव्यात: बाहेरच्यांना खेळू देतात का, मैदानाचं शुल्क किती, आणि काठ्या भाड्याने मिळतात का. आठवड्यातल्या साध्या दिवशी शुल्क बहुधा कमी असतं. नवा संच आधी घेऊ नका. नियमाने चौदा काठ्या चालतात, नवशिकीला सहासात पुरतात, जुना अर्धा संच बघा. सलवार-कमीज चालते का तेही विचारा, काही ठिकाणी पोशाखाचे नियम फार. कडक भाकरी आणि शेंगाचटणी डब्यात न्यावी, नवव्या गलीला तिच्यासारखं काही नाही. बॅग उचलणाऱ्या कॅडीला अहोजाहो करा. 1991 ची इंडियन ओपन जिंकणारे अली शेर आधी कॅडीच होते.

एक गोष्ट मात्र मला खटकते. चार-चार दिवसांनी नळाला पाणी येण्याची सवय असलेल्या आमच्या गावची मी. हिरवळीवर फवारे उडताना पाहिले की मनात घागरी मोजल्या जातात. काही मैदानं सांडपाणी शुद्ध करून वापरतात, ते ठीक. पण माझ्या दिरांच्या छावणीत गलीभोवती गवतच नव्हतं, तेल मिसळून चोपलेली वाळू होती. ग्रीनऐवजी ब्राऊन म्हणतात तिला. चेंडू सरळ जातो, पाणी लागत नाही, खेळून झालं की खराट्यासारख्या फळीने वाळू सारखी करायची. सोलापुरात कधी कोणी गोल्फ आणलाच तर असा आणावा.

पुढच्या अंकात कैरीच्या लोणच्याला बुरशी का येते, याबद्दल बार्शीच्या भगिनींनी विचारलं आहे, ते पाहू.