ओटी तिची, खातं कोणाचं?

जुनं ते सोनं असं जो म्हणतो, त्याच्या घरात जुनं काय होतं ते आधी विचारावं. त्याच्या घरात वाडा होता, माजघर होतं, झोपाळा होता. आमच्या घरात जुनं म्हणजे येसकराची काठी, मेलेलं ढोर आणि दारोदार हिंडून आणलेले शिळ्या भाकरीचे तुकडे. कोणी उसासा टाकून जुन्या दिवसांची याद काढू लागला की माझं डोकं सणकते. गेले ना ते दिवस? बरं झालं. आणि आपसूक गेले नाहीत, आमच्या माणसांनी ते हाकलले.

आम्हांला आठवण नाही असं नाही. आमची आठवण तारखेची असते. 20 मार्च 1927. 14 ऑक्टोबर 1956. अमरावतीच्या माणसाला 13 नोव्हेंबर 1927 विचारा. अंबादेवीच्या देवळाचा प्रश्न तापलेला, आणि इंद्रभुवन थिएटरातल्या परिषदेला अध्यक्ष बाबासाहेब. ही आठवण हुळहुळत नाही, टोचते.

हे आज लिहायचं कारण कडूबाई खरात. औरंगाबादची, म्हणजे आता नाव बदललेल्या छत्रपती संभाजीनगरची बाई. (लेकरू जगावं म्हणून आपल्यात दगडू, धोंडू, कडू अशी नावं ठेवायचे, हे नव्या पोट्ट्यांना सांगावं लागते.) नवरा गेला, पदरात लेकरं. बाई हातात एकतारी घेऊन गावोगाव गात फिरली. मग कोणीतरी मोबाइलवर तिचं गाणं टिपलं आणि सोडलं. हातोहात, फोनोफोन ते महाराष्ट्रभर पोचलं. ना कंपनी, ना रेडिओ, ना वर्तमानपत्रातला परीक्षक. अकोल्याच्या अशोक वाटिकेसमोर उभ्या असलेल्या ऑटोवाल्याला ती पाठ, अन् साहित्य संमेलनवाल्यांना तिचा पत्ता नाही. इंटरनेटच्या पोटातून निघालेली आपली पहिली मोठी गायिका म्हणायची तर हीच.

पांढरपेशा रसिकाला ती उशिरा सापडली. सापडल्यावर तो काय म्हणाला? मातीचा आवाज! किती साधी! जुनं वाद्य, जुनी हलक, स्टुडिओ नाही, मेकअप नाही! म्हणजे यानं तिच्या गरिबीलाच चाल लावली. बाईच्या अंगावर फाटकं लुगडं असलं की याला गाणं अस्सल वाटते. उद्या ती चांगल्या घरात राहिली, चांगला माइक घेऊन गायली, तर हाच म्हणेल, आता पहिल्यासारखी मजा नाही राहिली बाप्पा.

अमेरिकेतली एक बाई पाहा. लाना डेल रे. 2011 साली तिनं जुन्या फिल्मांचे तुकडे आणि स्वतःचं चित्रण जोडून एक व्हिडिओ घरच्या घरी केला आणि इंटरनेटवर टाकला. रातोरात नाव झालं. जुन्या मोटारी, जुनं हॉलिवूड, पन्नाशी-साठीतल्या अमेरिकेचा सुस्कारा. त्यावर लोक भांडले की ही खरी का बनावट, कारण त्याआधी ती दुसऱ्या नावानं गात होती. मला हे भांडण फालतू वाटते. नाव कोणीही बदलावं, आम्ही तर धर्म बदलला. मी विचारतो तो प्रश्न वेगळा आहे. ज्या अमेरिकेचा हा सुस्कारा, त्याच अमेरिकेत 1955 च्या ऑगस्टमध्ये मिसिसिपीत एमेट टिल नावाच्या चौदा वर्षांच्या काळ्या पोराला हालहाल करून मारलं. त्याच डिसेंबरात रोझा पार्क्स बसमधल्या जागेवरून उठली नाही. काळ्या माणसानं त्या जुन्या दिवसांसाठी कसा उसासा टाकावा? बाई वाईट गाते असं नाही, चांगलीच गाते. पण ती स्वप्नं ज्या घरात पडली, त्या घरात आमच्यासारख्यांना मागल्या दारानंसुद्धा जागा नव्हती.

कडूबाईची एकतारी जुनी आहे, पण ती जुन्या दिवसांकडं परत बोलावत नाही. तिचं गाजलेलं गाणं नीट ऐका. त्यात बाई मायला सांगते की तिची ओटी भरली ती भीमानं, आणि भरली ती सोन्यानं. आता थांबा आणि विचार करा. ओटी कोणाची भरतात? सवाष्णीची. विधवेला हळदीकुंकवाच्या घरात उंबऱ्याबाहेर उभी करतात, तिच्या पदरात कोणी नारळ-तांदूळ टाकत नाही. आणि ही नवरा गेलेली बाई चारचौघांत, खड्या गळ्यानं, आपली ओटी भरल्याचं गाते. भरणारा कोण, तर ज्यानं मनुस्मृती जाळली तो. पंचवीस भाषणांत जे होत नाही ते या बाईनं एका ओटीत केलं. चाल जात्यावरची, बोल सुरुंगाचे. अन् रसिक म्हणतो, किती साधी!

डिवचणं ते हे. पंजाबात जालंधरच्या गिन्नी माहीनं दुसऱ्या तऱ्हेनं डिवचलं. वर्गातल्या मुलीनं जात विचारली, हिनं सांगितली. ती म्हणाली, तुमची जात फार डेंजर असते. पोरीनं तोच शब्द उचलला आणि 'डेंजर चमार' नावाचं ठेक्यावरचं गाणं केलं, ते यूट्यूबवर वाजलं. शिवी घेऊन तिचा झेंडा केला. आमच्या अमरावतीचा विपिन तातड रॅपमधून जातीला भिडतो. एकतारी असो की रॅप, मला दोन्ही सारखेच जवळचे. ज्यांना फक्त एकतारी आवडते अन् रॅप म्हटलं की नाक मुरडतात, त्यांना आमचं गाणं आवडत नाही, आमचं जुनंपण आवडते.

आणि हा काही निव्वळ आवडीनिवडीचा मामला नाही. 2015 च्या मे महिन्यात शिर्डीत एका कोवळ्या दलित पोराचा फोन वाजला. रिंगटोन बाबासाहेबांच्या गाण्याची होती. तेवढ्यावरून त्याला उचलून नेलं आणि ठार मारलं. खिशातलं गाणं माणसाचा जीव घेऊ शकते असा हा मुलूख आहे. म्हणून जयंतीच्या डीजेला नावं ठेवणाऱ्यांच्या रांगेत मी उभा राहणार नाही. गल्लीतून दबत चालणाऱ्यांची नातवंडं आज इर्विन चौकात छाती फाडून नाचतात. नाचू द्या.

पण दोस्तहो, आपल्याशी भांडण आहे ते इथून पुढं.

डीजेवाल्याला आपण आगाऊ रक्कम देतो. जनरेटरवाल्याला देतो, मांडववाल्याला देतो. गाणाऱ्या बाईला काय देतो? शाल, नारळ, बाबासाहेबांची फ्रेम आणि अध्यक्षांसोबत फोटो. आमच्या भागातल्या एका मंडळानं गायिकेला रात्री दोन वाजेपर्यंत गाववलं आणि जाताना ऑटोभाड्यापुरते पैसे हातावर टेकवले. मी विचारलं तर कार्यकर्ता म्हणतो, "दादा, ते समाजाचं काम हाये ना, पैशे काऊन मागते बाई?" अबे, मांडववाला नाही का समाजाचा? त्याले नाही विचारलं तू हे! फुकट राबवून घेणं आणि वर त्याला सेवा म्हणणं, हे आपण ज्यांच्याकडून शिकलो त्यांचं नाव घ्यायची गरज नाही.

मोबाइलवर तर उघडी लूट आहे. यूट्यूबचा हिशेब सरळ आहे. हजार सबस्क्रायबर आणि वर्षात चार हजार तास पाहणं झालं की चॅनलला जाहिरातीचा वाटा सुरू होतो. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे 55 टक्के चॅनलवाल्याला. चॅनलवाल्याला! गाणाऱ्याला नव्हे. गाणं ज्यानं चढवलं, त्याच्या खात्यात पैसा. दुसरा ते उतरवून घेतो, खाली ढोलकी घालतो, रिमिक्स म्हणून पुन्हा चढवतो. त्याचा पैसा त्याला. दोघेही जयभीमवाले, दोघांच्या डीपीवर बाबासाहेब. बाईची ओटी सोन्याची, अन् सोनं जमा होते भलत्याच्याच खात्यात.

कायदा नाही असं नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली दुरुस्ती झाली. गाणाऱ्याच्या गाण्याचा धंद्यासाठी वापर झाला तर त्याला रॉयल्टीचा हक्क आहे. गीतकाराचा हक्कही असा बांधला की ठोक रकमेत सगळं लिहून घेता येऊ नये. गायकांची संघटना 2013 मध्ये झाली. पण मूर्तिजापूरच्या, दर्यापूरच्या खेड्यातला गायक त्या संघटनेच्या पायरीपर्यंत पोचणार कसा? बाबासाहेबांच्या नावानं निघालेल्या वकिलांच्या इतक्या संघटना आहेत, त्यांतल्या एकीनं तरी हे काम अंगावर घ्यावं.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. वामनदादा कर्डक. 1922 साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला, मोठेपणी अक्षरं शिकलेला, हजारो गाणी लिहून 2004 साली गेलेला माणूस. आपल्या शाहिरांची रीत अशी की गाण्याच्या शेवटच्या कडव्यात स्वतःचं नाव गुंफायचं. वामनदादा 'वामन' गुंफायचे. कागद नव्हता, नोंदणी नव्हती, तेव्हा हाच गरिबाचा कॉपीराइट. गाणं कोणीही कुठंही गावो, शेवटी वामन येणारच. आता रील निघाली. तीस सेकंद. मुखडा घेतला, ठेका घेतला, झेंडा फिरवला, संपलं. शेवटचं कडवं गेलं आणि त्याच्यासोबत वामन गेला. खाली लिहितात 'पारंपरिक भीमगीत'. पारंपरिक? माणूस जाऊन पुरती पंचवीस वर्षं झाली नाहीत अन् तुम्ही त्याला परंपरा करून टाकलं!

अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या जयंती मंडळांना म्हणून तीन गोष्टी मागतो. गाणाऱ्याचा पैसा डीजेच्या पैशासोबतच ठरवा आणि आगाऊ द्या. कार्यक्रमाचं चित्रण गाणाऱ्याच्या स्वतःच्या चॅनलवर चढवा. तिला चॅनल काढता येत नसेल तर तुमच्या कॉलेजातल्या पोरीला बसवून काढून द्या, अर्ध्या तासाचं काम आहे, आणि बँकेचं खातं तिचंच जोडा, नवऱ्याचं, भावाचं, सचिवाचं नाही. आणि गाणं म्हणाल तर शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणा.

तुमच्या गावात कोणी गीतं लिहून वहीत ठेवून गेलं असेल, एखादी म्हातारी ती अजून म्हणत असेल, तर लिहिणाऱ्याचं नाव, गाव आणि वही कोणाकडं आहे ते आम्हांला कळवा. पुढच्या अंकात पानं राखून ठेवली आहेत.