हद्दीबाहेरचा कचरा

महाराष्ट्रातील कोणत्याही मध्यम शहरातून बाहेर पडणाऱ्या हमरस्त्याने जाणाऱ्यास नगरपालिकेची हद्द संपल्याचे कळण्यासाठी फलक वाचण्याची गरज उरत नाही. कारण जेथे नगरपालिकेच्या झाडूचा अंमल संपतो आणि शेजारच्या ग्रामपंचायतीचा सुरू व्हावयाचा असतो, नेमक्या त्याच पट्ट्यात मंगल कार्यालयांतील उष्ट्या पत्रावळी, कोंबडीच्या दुकानांतील पिसे, पाडलेल्या भिंतींचा राडारोडा आणि तोंड बांधलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या यांची रास रस्त्याच्या दुतर्फा पसरलेली असते. ही रास घालणारा मनुष्य अडाणी असतो, असे मानण्याची आपल्याकडे रीत आहे. वस्तुतः हद्दींच्या शास्त्रात तो एखाद्या मुरलेल्या तलाठ्याइतकाच पारंगत असतो, आणि कोणत्या जागेला धनी नाही हे त्यास पक्के ठाऊक असते.

धनी नाही असे म्हणताना कागदोपत्री मात्र धन्यांची रेलचेल आहे, हेही सांगितले पाहिजे. राष्ट्रीय महामार्ग केंद्र सरकारचे, राज्यमार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याचे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग रस्ते विकास महामंडळाचा. आणि राज्यघटनेच्या ७३ व्या व ७४ व्या दुरुस्तीने स्वच्छतेचा विषय सोपविला तो ग्रामपंचायतींकडे व नगरपालिकांकडे. परिणामी ज्याचा रस्ता आहे त्याच्या दप्तरी डांबर, मोऱ्या आणि खड्डे यांची नोंद असते, कचऱ्याची नसते. आणि ज्याच्या माथी कचरा आहे त्याची रस्त्यावर मालकी नसते. ताम्हिणी घाटात पावसाळी सहलींचा हंगाम ओसरल्यावर जे दृश्य दिसते त्याचे मूळ येथे आहे: रस्ता एका खात्याचा, दरीतील अभयारण्य वनखात्याचे, वस्ती ग्रामपंचायतीची, आणि कठड्यापलीकडे भिरकावलेली बाटली या तिघांच्या मधोमध, कोणाच्याही कैफियतीत न सापडणारी. ८ एप्रिल २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर कचरा टाकण्यास स्पष्ट मनाई केली, आणि टाकणाऱ्यास जागीच दंड करण्याची तरतूद उपविधींत करावी, अशी ताकीद स्थानिक संस्थांना दिली. परंतु त्या नियमांचा रोख मुख्यतः शहरांवर व शहरसदृश वस्त्यांवर होता, आणि दोन शहरांमधला जो दीर्घ रस्ता, तो बहुतांशी त्यांच्या नजरेबाहेरच राहिला.

अशा स्थितीत दंड वाढवा, ही मागणी दर काही महिन्यांनी होते, आणि ती करणाऱ्याचा संतापही खरा असतो. पण आपल्याकडे दंडाचा दुष्काळ कधीच नव्हता. १९५१ च्या पोलीस अधिनियमात रस्त्यावर घाण करणे हा अपराध आहे. मुंबई महापालिकेच्या २००६ च्या उपविधींत कचरा टाकणाऱ्यास २०० रुपयांचा दंड होता. २०१८ च्या प्लास्टिकबंदीने तर पहिल्या कसुरास ५,००० रुपये, दुसऱ्यास १०,००० आणि तिसऱ्यास २५,००० रुपये व तीन महिन्यांपर्यंत कैद, अशी चढती भाजणी जाहीर केली. ज्या भाजीवाल्याच्या हातगाडीवरचा सारा मालही ५,००० रुपयांचा नसतो, त्याच्यापुढे एवढा आकडा उभा केला की दंड वसूल होत नाही, तडजोड होते. मुंबईने क्लीन-अप मार्शल नेमून पाहिले: २००७ च्या सुमारास योजना आली, पुढे बंद पडली, पुन्हा सुरू झाली, आणि एप्रिल २०२५ मध्ये तक्रारींच्या ओझ्याखाली महापालिकेने ती पुन्हा गुंडाळली. वसुलीतला वाटा ज्याच्या ठेकेदाराला मिळावयाचा आहे, असा पहारेकरी गुन्हा टळावा म्हणून नव्हे, तर घडावा म्हणूनच कोपऱ्यावर दबा धरून बसणार; आणि दंडाची रक्कम मक्त्याने दिली की पावतीशिवायची वसुली तिच्या मागोमाग येणार, हे उमगण्यास फार मोठ्या व्यवहारज्ञानाची गरज नाही.

या बाबतीत इंग्लंडच्या १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने लावलेला क्रम विचारात घेण्याजोगा आहे. कचरा टाकणे हा गुन्हा आहे, एवढे सांगून तो कायदा थांबला नाही. सार्वजनिक जमीन कचरामुक्त ठेवणे हे अमुक संस्थेचे कर्तव्य आहे असे त्याने नेमून दिले, आणि ते कर्तव्य चुकल्यास त्रास झालेल्या कोणाही नागरिकाने मॅजिस्ट्रेटपुढे जाऊन त्या संस्थेविरुद्ध हुकूम मिळवावा, अशी मुभाही दिली. पुढे १ एप्रिल २०१८ पासून, धावत्या मोटारीतून कचरा पडला तर तो कोणाच्या हातून पडला याचा काथ्याकूट न करता गाडी बाळगणाऱ्यास जबाबदार धरण्याचा अधिकार लंडनबाहेरील स्थानिक संस्थांनाही मिळाला. इंग्लंडचे रस्ते म्हणून निर्मळ झाले, असा आमचा दावा नाही. काही महामार्गांची डागडुजी एकाकडे आणि झाडलोट दुसऱ्याकडे, ही रड तेथेही आहेच. पण वेगमर्यादा ओलांडणाऱ्या गाडीच्या मालकास घरबसल्या ई-चलान पाठविणाऱ्या आपल्या शासनास त्याच गाडीच्या खिडकीतून उडालेली पिशवी दिसू नये, हे यंत्राच्या असमर्थतेचे लक्षण खचित नव्हे.

गाडगेबाबांचे नाव येथे निघणे अपरिहार्य आहे, कारण २००० साली सुरू झालेल्या ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले गेले, आणि त्या अभियानाने अनेक खेड्यांचे रूप काही काळ तरी पालटले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि बाबा संध्याकाळच्या कीर्तनापूर्वी गाव झाडीत ते गावाला लाज वाटावी म्हणून. पगारी अंमलदारांची सुटका व्हावी म्हणून नव्हे. २ ऑक्टोबरला कोऱ्या झाडूनिशी छायाचित्र काढून घेणारी पुढारी मंडळी श्रमदानाचा जो महिमा गातात, तो ऐकताना, उरलेले ३६४ दिवस तीच घाण कोण उपसतो, त्याची जात कोणती आणि ठेकेदार त्याला हातमोजे देतो की नाही, हे प्रश्न मनातून जात नाहीत.

आमचे म्हणणे इतकेच की, दंड करण्याचा हक्क, ज्याने आधी सफाईचे उत्तरदायित्व आपल्या नावे लिहून घेतले त्यालाच असावा. प्रत्येक मैलाच्या दगडावर, म्हणजे आताच्या किलोमीटरच्या दगडावर, रस्त्याच्या कडेची सफाई कोणत्या कार्यालयाकडे आहे ते लिहावे. तक्रारीनंतर ठराविक मुदतीत कचरा न उचलल्यास शेजारच्या ग्रामपंचायतीने तो उचलावा आणि खर्च त्या कार्यालयाकडून वसूल करावा. दंड हातगाडीवाल्यास झेपेल आणि मोटारवाल्यास बोचेल असा वेगवेगळा ठेवावा, आणि त्याचा प्रत्येक रुपया पावतीनिशी त्याच रस्त्याच्या सफाईच्या खात्यात पडावा. टोलच्या रस्त्यांबाबत तर इतकीही यातायात नको, कारण रस्ता स्वच्छ राखण्याची अट बहुधा ठेकेदाराच्या करारात असतेच. ती अट शेवटची कोणी व केव्हा तपासली, हे विचारणारा अर्ज माहितीच्या अधिकाराखाली १० रुपयांत करता येतो.